सायटेशन मोजणारी सेवा, रॉबर्ट पेन यांच्यावर लावून पाहिलेली

वजनकाटा खरा आहे का हे बघायचं तर त्यावर आधी ठाऊक असलेलं वजन ठेवतात. मीही तेच केलं. आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात गेली दोन वर्षं एक सायटेशन-सेवा घेतलेली आहे. शास्त्रज्ञाचं नाव टाकलं की त्याचे शोधनिबंध, ते पुढे कुणी कुणी उद्धृत केले, एच-इंडेक्स हा त्या उल्लेखांवरून काढलेला आकडा, आलेख, सगळं पडद्यावर येतं. रिन्यूअलची तारीख जवळ आली आणि नेमकं त्याच सुमारास सागरी परिसंस्थांवर काम करणाऱ्या आमच्या एका संशोधिकेच्या बढतीच्या फायलीसाठी समितीने या सेवेतून 'प्रभाव पत्रक' मागितलं. एक बटण दाबलं की एका पानाचं पत्रक तयार होतं. ते बटण दाबायच्या आधी मला काटा तपासायचा होता.

सेवेचं नाव देत नाही. कंपनीशी संस्थेचा करार आहे, आणि अशा सेवांची घडण थोड्याफार फरकाने सारखीच असते. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते तुमच्याकडच्या सेवेवरही तपासून बघता येईल.

ठाऊक असलेलं वजन म्हणून मी रॉबर्ट ट्रीट पेन हे अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ निवडले. ग्रंथालयात येण्याआधी मी प्राणिशास्त्रात एमएससी केलं. ओहोटीच्या खडकांवर अर्ध्या मीटरचा क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीची चौकट, टाकून त्यातले बार्नेकल हे खडकाला चिकटलेले कवचधारी जीव मोजण्यात माझे दोन हिवाळे गेले. गुडघे ओले, बोटांची टोकं सोललेली, आणि भरती परत यायच्या आत चौकट पुरी करायची घाई. त्या पट्ट्यात काम करणाऱ्या कुणालाही पेन यांचं नाव पहिल्या आठवड्यातच कानावर पडतं. त्यांचे लेख मी तेव्हापासून वाचत आलेय. म्हणजे सेवेने काय दाखवलं आणि काय गाळलं, हे मला कळण्यासारखं होतं.

पहिल्याच शोधाला अडखळले. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग 'वेदना' या अर्थाच्या शब्दापेक्षा एका अक्षराने लांब आहे, आणि शोधपेटी ते अक्षर परस्पर गाळून टाकते. समोर आले गुडघेदुखीचे, मज्जातंतूंचे आणि भूलशास्त्राचे लेख. ही आपोआप दुरुस्ती बंद करता येते, पण ती सोय सेटिंगच्या तिसऱ्या पानावर खाली दडवलेली आहे. ज्याला पेन कोण हे माहीत नाही असा विद्यार्थी तिथूनच मागे फिरेल.

पुढे त्यांची एकाऐवजी तीन प्रोफाइलं निघाली. एकात पूर्ण नाव, दुसऱ्यात आद्याक्षरं, तिसऱ्यात त्यांचे काही लेख दुसऱ्याच कुणा पेनच्या वैद्यकीय लेखांत मिसळलेले. हयात संशोधक स्वतः लॉगिन करून असा घोळ निस्तरतो. पेन 2016 च्या जूनमध्ये गेले. गेलेल्या माणसाची प्रोफाइलं कुणी जोडायची, याला सेवेकडे सरळ उत्तर नाही. मी मदतकक्षाला लिहिलं, नऊ दिवसांनी उत्तर आलं, दोन प्रोफाइलं जोडली गेली, तिसरं तसंच राहिलं. उत्तर सभ्य होतं, हे सांगायला हवं. पण ज्यांच्या कामाचा पाया सर्वांत जुना, तेच या सेवेत सर्वांत विस्कळित सापडतात, ही मला गंभीर उणीव वाटते.

आता त्याहून मोठी गोष्ट. सेवेच्या यादीत डिफॉल्टने फक्त 'शोधनिबंध' दिसतात. पत्रं, टिपणं, चर्चा हे सगळं वेगळ्या वर्गात जातं आणि त्यावरची खूण मुळात काढलेली असते. पेन यांच्या यादीत 1966 चा लेख सर्वांत वर होता. 1969 चा कुठेच नव्हता. मी तीनदा यादी खालीवर केली. मग फिल्टर उघडून 'टिपण' या वर्गावर खूण केली तेव्हा तो वर आला. 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकातली ही अवघी तीन पानं. 'कीस्टोन' हा शब्द पेन यांनी पहिल्यांदा वापरला तो त्या तीन पानांत. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, जो काढला की कमान कोसळते, त्यावरून घेतलेला, आणि जिला काढलं की परिसंस्थाच बदलते अशा जातीला लावलेला. शाळेच्या पुस्तकापासून जंगलखात्याच्या आराखड्यापर्यंत आज जो शब्द फिरतोय त्याचा जन्म या सेवेच्या मोजणीत धरलेलाच नव्हता, कारण पानं तीनच होती.

1966 चा लेख मात्र नीट आहे, पूर्ण आहे, आणि उल्लेख हजारोंच्या घरात आहेत. अकरा पानांचा लेख. तो मी किती वेळा वाचला असेन त्याला गणती नाही, तरी या निमित्ताने पुन्हा काढला.

त्यात काय केलंय ते थोडं थांबून सांगते, कारण 'उल्लेख: इतके हजार' या ओळीतून त्याचा वासही येत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला माकाह उपसागर आहे. पेन यांच्या लेखात त्याचं नाव मुक्कॉ असं आहे. 1962 मध्ये पेन सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाले होते. 1963 च्या जूनपासून त्यांनी या किनाऱ्यावर साधारण 8 मीटर लांब आणि 2 मीटर उंचीचा खडकाचा एक पट्टा निवडला आणि त्यावरचे पिसास्टर जातीचे सगळे समुद्रतारे काढायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. बस, प्रयोग एवढाच.

पण पिसास्टर काढणं म्हणजे काय हे हाताला माहीत असावं लागतं. जांभळा किंवा नारिंगी, तळहाताहून मोठा, पाच जाड बाहू. तो बेसावध असताना एका झटक्यात निघाला तर निघाला. एकदा का त्याला स्पर्श कळला की शेकडो नळीपायांनी तो खडकाला असा धरून बसतो की बोटांनी उचलायचं नाव नको. पेन पहार घालून ते उचकटायचे आणि जमेल तितक्या लांब समुद्रात भिरकावायचे. ते सरपटत परत येत. पेनही परत जात. एका खेपेत होणारं हे काम नव्हतं. ओहोटीची वेळ गाठून पुन्हा पुन्हा जायचं, आलेले काढायचे, आणि खडकावर काय उरलंय ते मोजायचं.

तीन महिन्यांत मोकळ्या झालेल्या जागेपैकी 60 ते 80 टक्के बार्नेकलनी व्यापली. पुढच्या जूनपर्यंत त्या बार्नेकलनाच भराभर वाढणारे मसल जातीचे शिंपले रेटू लागले. शैवालं गेली, लिंपेट आणि कायटन हे शैवाल खाणारे कवचधारी प्राणी गेले, कुणाला जागा उरली नाही तर कुणाला खाणं. 15 जाती होत्या, त्यातल्या 8 उरल्या. एका शिकारी प्राण्याला काढलं आणि त्याच्या भक्ष्याचं भलं झालं असं झालं नाही. सर्वांत बलदंड भक्ष्य तेवढं माजलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. तोवर निसर्गातल्या नात्यांबद्दलचं पुष्कळसं लेखन बघण्यावर, यादी करण्यावर उभं होतं. पेन यांनी एक गोष्ट काढून घेतली आणि वाट पाहिली. क्वाड्रॅटमधला प्रत्येक कवचाचा ठिपका भिंगातून बघून मोजलेल्या माणसाला '15 वरून 8' या आकड्यामागे किती तास आहेत ते कळतं. म्हणूनच मला त्याची किंमत इतकी वाटते.

कल्पना त्यांच्या डोक्यात आली कुठून, याचाही माग या सेवेत थोडा निघतो. लेखाचे 'मागचे संदर्भ' म्हणून एक टॅब आहे, तो उघडला तर हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबोड्किन यांच्या 1960 च्या लेखापर्यंत जाता येतं. त्यातले फ्रेडरिक स्मिथ हे मिशिगन विद्यापीठात पेन यांचे गुरू. जग हिरवं का आहे, शाकाहारी प्राणी ते सगळं खाऊन का टाकत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. शिकारी प्राणी त्यांना आवरून धरतात म्हणून, हे त्यांचं उत्तर. पेन यांची पीएचडी ब्रॅकिओपॉड नावाच्या कवचधारी प्राण्यावर झाली. पण गुरूचा हा प्रश्न त्यांनी खडकावर नेला आणि तिथे तो पहारीने तपासला. हा टॅब फार कमी लोक उघडत असावेत. अवश्य उघडा.

सेवेची सर्वांत चांगली बाजू मात्र उलट दिशेची आहे. 1966 च्या लेखाचे उल्लेख वर्षाप्रमाणे लावले आणि खालची पट्टी हळूहळू पुढे सरकवली, तर एक विचार माणसांच्या हातून हातात कसा जातो ते डोळ्यांसमोर उलगडतं. मी आठ संध्याकाळी फक्त हेच केलं.

उदाहरणार्थ 1974. जिम एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांचा समुद्री ऊदांवरचा, म्हणजे समुद्रातल्या पाणमांजरांवरचा लेख. 1971 मध्ये अलास्काच्या अल्यूशन बेटांपैकी आमचिट्का बेटावर पेन यांची तरुण एस्टिसशी गाठ पडली. केल्प या उंच समुद्री शैवालाच्या जंगलावर ऊद कसे जगतात याचा एस्टिस विचार करत होते. पेन यांनी प्रश्न उलटा करायला सुचवला: ऊदांमुळे केल्पचं काय होतं ते बघ. मग ऊद असलेली बेटं आणि नसलेली बेटं यांची तुलना झाली. ऊद आहेत तिथे सी अर्चिन हे केल्प खाणारे काटेरी प्राणी आटोक्यात आणि केल्प दाट. ऊद नाहीत तिथे सी अर्चिननी केल्प कुरतडून तळ उघडा पाडलेला. सेवेच्या हिशेबात ही पेन यांच्या खात्यावर उल्लेखाची एक नोंद. त्या भेटीतल्या एका वाक्याने एस्टिस यांचं पुढचं आयुष्य वळलं. 1998 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच साखळी खोल समुद्रातल्या किलर व्हेलपर्यंत नेली.

पट्टी पुढे सरकवत 1994 वर या. ब्रूस मेंगे आणि सहकाऱ्यांचा ओरेगनच्या किनाऱ्यावरचा लेख. हे मेंगे म्हणजे पेन यांचेच विद्यार्थी. त्यांनी पिसास्टर काढण्याचा प्रयोग वेगवेगळ्या जागी पुन्हा केला आणि दाखवलं की लाटांचा मारा असलेल्या उघड्या खडकांवर त्याचा जोर पेन म्हणाले तसा मोठा असतो, पण आडोशाच्या जागी तो बराच कमी पडतो. म्हणजे तोच समुद्रतारा सगळीकडे कीस्टोन नाही. गुरूच्या कल्पनेला शिष्याने घातलेली ही मर्यादा मला त्या कल्पनेचा सर्वांत मोठा सन्मान वाटते, कारण कुणीतरी पुन्हा ओल्या खडकावर गुडघे टेकून ती तपासली. आणि 1996 मध्ये मेरी पॉवर आणि इतरांनी, ज्यांत खुद्द पेनही होते, मिळून व्याख्या घट्ट केली: संख्येच्या किंवा वजनाच्या मानाने जिचा परिणाम फार मोठा आहे ती कीस्टोन. त्याआधी 1993 मध्ये मिल्स, सूले आणि डोक यांनी हा शब्द फार सैल वापरला जातोय म्हणून तो सोडूनच द्यावा अशी टीका केली होती.

आता माझी तक्रार ऐका. प्रयोग पुन्हा करून मर्यादा दाखवणारा लेख, शब्दच सोडा म्हणणारा लेख, आणि प्रस्तावनेत 'जैवविविधता महत्त्वाची आहे' या वाक्याला कंसात पेन यांचं नाव चिकटवणारा लेख, या तिघांना सेवा सारखंच एक धरते. उल्लेखाच्या भोवतालचं वाक्य दाखवायची सोय नव्याने आली आहे, ती खरोखर उपयोगी आहे. मी त्या वाक्यांचे वहीत तीन ढीग केले: कामाला आणलेलं, तपासलेलं, नुसतं नाव घेतलेलं. तिसरा ढीग भराभर वाढत गेला. पण जुन्या लेखांची वाक्यं या सोयीत येत नाहीत, आणि वाक्य 'पाठिंबा' आहे की 'विरोध' हे सेवा आपोआप ठरवते तेव्हा ती फार चुकते. 'पेन यांच्या निष्कर्षाला आमच्या जागी दुजोरा मिळाला नाही' अशा धर्तीचं एक वाक्य तिने पाठिंब्यात टाकलं होतं. या खुणांवर विसंबू नका, वाक्य स्वतः वाचा.

आणखी एक गळती आहे, ती यंत्राचा दोष म्हणता येणार नाही पण वापरणाऱ्याला माहीत हवी. कल्पना पुरती मुरली की तिच्या जनकाचं नाव गळतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी मांडलं होतं: एखादं काम ज्ञानात इतकं सामावतं की त्याचा उगम कुणी सांगेनासं होतं. 'ट्रॉफिक कॅस्केड' हा शब्द घ्या. वरच्या पातळीवरचा प्राणी कमीजास्त झाला की परिणाम पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतो, त्याला हे नाव पेन यांनी दिलं, 1980 मध्ये छापून आलेल्या आपल्या टॅन्सली व्याख्यानात. मी सेवेत नुसता तो शब्द टाकला, तेव्हा लांडग्यांपासून शार्कपर्यंत लेखांचा ढीग आला. त्यातले पहिले काही उघडले. पेन संदर्भयादीत सगळीकडे नव्हते. शब्द त्यांचा, खातं रिकामं.

सहलेखकांच्या जाळ्याचं एक चित्र सेवा काढते. मध्ये मोठा गोल, त्यातून निघणाऱ्या रेषा, रेषा जितकी जाड तितका एकत्र लेखांचा आकडा मोठा. दिसायला देखणं. पेन यांचं जाळं मात्र त्यांच्या मानाने विरळ दिसतं. एक रेषा सायमन लेव्हिन या गणितज्ञाकडे जाते, आणि ती महत्त्वाची आहे: 1974 मध्ये दोघांनी मिळून लाटांनी शिंपल्यांच्या चादरीत पडणारी भोकं आणि ती पुन्हा भरून येणं याचं गणित मांडलं. पण विद्यार्थी कुठे आहेत?

आहेत, फक्त रेषा नाही. पॉल डेटन यांचा 1971 चा खडकाळ किनाऱ्यावरचा लेख, त्यांच्या पीएचडीच्या कामावरचा, आजही अभ्यासाला लावतात. त्यावर एकट्या डेटन यांचं नाव आहे. मेंगे यांचे 1972 चे लेखही एकट्याच्या नावाने. विद्यार्थ्याचं काम विद्यार्थ्याच्या नावावर जावं ही पेन यांची रीत होती. आज एखाद्या प्रयोगशाळेचा प्रमुख प्रत्येक लेखावर शेवटचं नाव म्हणून बसतो, आणि सेवेच्या चित्रात त्याचं जाळं कोळ्याच्या जाळ्यासारखं दाट दिसतं. ज्याने आपलं नाव मागे ठेवलं त्याचं विरळ. हे चित्र बढतीच्या समितीपुढे ठेवलं तर ते काय वाचतील, या विचाराने मला खरंच अस्वस्थ केलं.

डेटन पुढे अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावर आणि कॅलिफोर्नियाच्या केल्पमध्ये काम करत राहिले. 'फाउंडेशन स्पीशीज', म्हणजे जिच्या आधारावर बाकीच्या जाती राहतात ती जात, ही कल्पना त्यांची, 1972 ची. जेन लुबचेन्को यांनी पेन यांच्या विभागात एमएस केलं, स्वतः किनाऱ्यावर मोठं काम केलं, आणि 2009 ते 2013 अमेरिकेच्या नोआ या समुद्र व हवामान संस्थेच्या त्या प्रमुख होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. शिष्यांचे शिष्य, त्यांचेही शिष्य. याचा हिशेब ठेवायला गुरू-शिष्यांच्या वंशावळी मांडणाऱ्या वेगळ्या सेवा आहेत, फुकट आहेत, लोक आपणहून भरतात. त्या अपुऱ्या असतात, तरी पेन यांच्याबाबतीत मला आमच्या विकतच्या सेवेतल्या देखण्या चित्रापेक्षा ती साधी वंशावळ जास्त खरं सांगून गेली.

आणि जागा? माकाह उपसागराजवळच्या केप फ्लॅटरी या भूशिराच्या समोर टॅटूश नावाचं छोटं बेट आहे, तिथल्या माकाह या मूळनिवासी लोकांच्या मालकीचं. त्यांच्या परवानगीने पेन तिथे 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून जात राहिले, 1998 मध्ये निवृत्त झाल्यावरही. त्याच खडकांवर टिमोथी वूटन आणि कॅथरीन फिस्टर यांनी काम चालू ठेवलं. 2008 मध्ये त्यांनी तिथल्या समुद्राच्या पाण्याच्या आम्लतेची आठ वर्षांची मोजमापं छापली. पीएच अपेक्षेपेक्षा वेगाने खाली येत, म्हणजे आम्लता वाढत असल्याचं त्यात दिसलं, आणि कवच असलेल्या जातींवर त्याचा परिणामही. चाळीस वर्षांच्या जुन्या नोंदी हाताशी असलेल्या जागी असं मोजमाप करता येणं, हे कुणाच्या प्रभावात धरायचं? सेवेत 'जागा' असा रकानाच नाही. लेखाच्या शीर्षकात बेटाचं नाव असेल तर शोधात येतं, नाहीतर नाही.

2013 पासून पॅसिफिक किनाऱ्यावर समुद्रताऱ्यांना झिजवणारा रोग पसरला. बाहू गळून पडत, अंग विरघळल्यासारखं होई. पिसास्टरही सापडला. पेन यांनी पहारीने एका छोट्या पट्ट्यात जे केलं ते रोगाने किनाऱ्याच्या किनारे करून टाकलं. त्यानंतरच्या उल्लेखांच्या यादीत हा रोग ठिकठिकाणी दिसतो. लोक पुन्हा 1966 चा लेख हातात घेऊन खडकावर गेलेत. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या लेखाला अशी नवी पालवी फुटलेली बघणं, हे मात्र मला या सेवेनेच दाखवलं. त्याचं श्रेय तिला देते.

एच-इंडेक्सबद्दल थोडक्यात. 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला: ज्याचे एच लेख प्रत्येकी किमान एच वेळा उद्धृत झाले, असा सर्वांत मोठा आकडा एच म्हणजे त्याचा इंडेक्स. म्हणजे एखादा लेख हजारो वेळा उद्धृत झाला काय किंवा एच पेक्षा चार वेळा जास्त झाला काय, आकडा हलत नाही. एका लेखाने विषय पालटणाऱ्या माणसासाठी हे माप बेतलेलंच नाही. शिवाय ओहोटीच्या पट्ट्यातला प्रयोग ऋतूंच्या गतीने चालतो. तिथे दर तीन महिन्यांनी लेख निघत नाही. सेवा आकड्याशेजारी 'क्षेत्रातला क्रम' देते, पण सागरी परिसंस्थेचा अभ्यासक तिच्या लेखी कधी प्राणिशास्त्रात, कधी मत्स्यशास्त्रात, कधी समुद्रविज्ञानात जातो, आणि खातं बदललं की क्रम बदलतो. मी आमच्या संशोधिकेचं नाव दोन वेगवेगळ्या क्षेत्रांत टाकून पाहिलं. दोन वेगळी माणसं वाटावीत इतका फरक होता.

बाकीच्या गोष्टी पटकन: यादी बाहेर काढण्याची सोय उत्तम, कुठल्याही संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडते. वेग चांगला. मोबाइलवर वापरू नका, पट्टी सरकत नाही. जुने लेख पूर्ण वाचायला मिळतीलच असं नाही, त्यांचं वर्गणीचं दार वेगळं. मी मूळ सेवेला पाचपैकी साडेतीन देईन आणि प्रभाव पत्रकाला एक.

समितीला मी ते एका पानाचं पत्रक दिलं नाही. त्याऐवजी आमच्या संशोधिकेचे चार लेख घेतले आणि प्रत्येकाखाली, तो लेख खरोखर कामाला आणणारे किंवा तपासून बघणारे लेख, त्यातल्या वाक्यांसकट, हाताने निवडून लावले. तिने ज्या खाडीत सलग अकरा वर्षं नोंदी ठेवल्यात त्या खाडीचं नाव आणि त्या नोंदी आता कोण वापरतंय ते लिहिलं. तिच्या विद्यार्थ्यांची नावं, ते आज कुठे काय करतात, आणि त्यांच्या कोणत्या लेखांवर तिने आपलं नाव घातलं नाही, तेही. सहा पानं झाली. अध्यक्षांनी फोन करून विचारलं, "बाई, एच-इंडेक्स कुठे आहे?" शेवटच्या पानावर तळाशी आहे, सर, म्हटलं. बैठक पुढच्या महिन्यात आहे.

रिन्यूअलच्या अर्जात मूळ सेवेपुढे 'होय' आणि पत्रकाच्या जोडसेवेपुढे 'नको' लिहून पाठवलंय. तुमच्याकडे अशी सेवा असेल आणि पेन यांचा माग काढायचा असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन स्पेलिंगची आपोआप दुरुस्ती आधी बंद करा, आणि फिल्टरमध्ये 'टिपण' या वर्गावर खूण करायला विसरू नका. नाहीतर 1969 ची ती तीन पानं दिसणार नाहीत.